जो कोणी वाचील त्यास

कागदावरच्या पत्राला पत्ता असतो. ज्याच्या नावे ते लिहिले त्याच्या हाती ते पडले, म्हणजे लिहिणाराचे काम झाले. दगडावर कोरलेल्या लेखाला असा पत्ता नसतो. कोरणारा जातो, ज्यांच्यासाठी कोरले ती माणसे जातात, गाव ओस पडते, कधी भाषाही बदलते. लेख मात्र तेच वाक्य धरून तिथेच उभा राहतो. ते वाक्य नुसती हकिगत सांगत असेल, अमक्याने अमक्या साली हे बांधले एवढेच म्हणत असेल, तर फारसा प्रश्न येत नाही. आपण वाचतो आणि पुढे जातो. पण तो लेख जर काही मागत असेल तर? शेकडो वर्षांपूर्वी गेलेले माणूस भिंतीतून म्हणत असेल की बाबांनो, प्रार्थनेत आमची आठवण ठेवा, आणि वाचणारा त्याच्या धर्माचा नाही, भाषेचा नाही, देशाचा नाही, तर त्या मागण्याचे काय होते? त्याचे काही ऋण वाचणाऱ्यावर चढते का?

हा प्रश्न घरी बसून सुचणारा नव्हे. आर्मेनियातील डोंगरावरच्या एका पडक्या मठाने तो पुढे ठेवला. त्याचे उत्तर शोधताना त्या मठाची हकिगत नीट सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण उत्तराचा बराचसा भाग त्या हकिगतीतच आहे.

आर्मेनिया हा कॉकेशस पर्वताच्या प्रदेशातला लहानसा देश. उत्तरेला जॉर्जिया, दक्षिणेला इराण, पश्चिमेला तुर्कस्तान, पूर्वेला अझरबैजान. चौथ्या शतकाच्या आरंभी तिथल्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. राज्याचा धर्म म्हणून तो स्वीकारणारा हा पहिला देश, असे आर्मेनियन लोक अभिमानाने सांगतात. पुढे शंभरएक वर्षांनी मेस्रोप माश्तोत्स नावाच्या साधुपुरुषाने त्यांच्या भाषेसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. धर्मग्रंथ आपल्या लोकांना आपल्या बोलीत कळावा, हा त्यामागचा हेतू. लोकभाषेसाठी झिजलेल्या संतांचे मोल ज्यांना ठाऊक आहे त्यांना या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ती लिपी आजही चालू आहे, आणि मठांच्या भिंतींवर जिकडेतिकडे तीच कोरलेली दिसते.

देशाच्या उत्तर टोकाला लोरी नावाचा प्रांत आहे. तिथे डेबेड नदीने डोंगर कापून खोल घळ केली आहे. या घळीच्या वरच्या पठारांवर हाघपात आणि सानाहीन हे दोन प्रसिद्ध मठ आहेत. ते धडधाकट आहेत, आणि युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले आहे. त्याच घळीत, तुमान्यान गावाजवळ, कड्याच्या कुशीत कोबायर नावाचा मठ आहे. त्याची मात्र पडझड झालेली आहे. खालून रस्ता आणि रेल्वे जाते. तिथून घरांच्या आणि परसबागांच्या मधून पायवाट वर चढते, पुढे पायऱ्या लागतात. चढ उभा आहे, पण लांब नाही. कोबायर या नावातच गंमत आहे. ‘कोब’ हा जॉर्जियन शब्द आणि ‘आयर’ हा आर्मेनियन, दोहोंचाही अर्थ गुहा, असे सांगतात. एकाच गुहेला दोन्ही भाषांतून हाक मारून एक नाव झाले. या मठाच्या नशिबी काय होते ते जणू त्याच्या नावातच आले आहे.

वर गेल्यावर दिसते ते असे. मुख्य चर्चचा दक्षिणेकडचा भाग दरीत कोसळून गेलेला. गाभारा, म्हणजे पूर्वेकडचा अर्धगोल भाग, कड्याच्या काठावर उभा. त्याच्या भिंतींवर तेराव्या शतकातली चित्रे, निळ्या पार्श्वभूमीवर उभे असलेले प्रेषित आणि आचार्य, काहींचे चेहरे शाबूत, काहींचे गेलेले. १९७१ मध्ये या चित्रांच्या जतनाचे काम झाले, म्हणून ती एवढी तरी उरली. चित्रांबरोबरची अक्षरे आर्मेनियन नाहीत, जॉर्जियन आहेत. जवळच छोटी देवळे, थडगी आणि एक घंटाघर. आणि इकडेतिकडे खाचकार, म्हणजे ज्यावर क्रूस आणि नाजूक वेलबुट्टी कोरलेली असते ते उभे दगड. आपल्याकडे गावाच्या वेशीवर वीरगळ असतो तसे हे दिसायला. त्यांचे काम मात्र क्रूसाची पूजा आणि ज्याच्या नावे उभा केला त्याच्या आत्म्याची सद्गती, हे दोन्ही.

आता ती मागणी करणारी कोण, ते पाहू.

अकराव्या शतकापर्यंत आर्मेनियात बाग्रातुनी घराण्याचे राज्य होते. त्याची राजधानी आनी. ती १०४५ साली बायझंटाइन सम्राटाकडे गेली आणि १०६४ साली सेल्जुक तुर्कांनी जिंकली. या घराण्याची एक शाखा लोरीत राज्य करीत होती. क्युरिके नावाच्या पूर्वजावरून तिला क्युरिक्यान म्हणत. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात लोरीही जॉर्जियाच्या राजांनी घेतली आणि या घराण्याकडे काही किल्ले आणि राजेपणाची पदवी एवढेच उरले. अशा घरातली मरियम ही राजकन्या. कोबायरमधले एक छोटे चर्च ११७१ साली तिने बांधले. पुढे ११८५ साली हाघपातच्या मुख्य चर्चसमोर एक मंडप उभा राहिला. आर्मेनियन लोक अशा मंडपाला गावित म्हणतात. आपल्या गाभाऱ्यापुढच्या सभामंडपासारखी ती जागा, पण तिथे थडगीही असतात. त्या मंडपावरच्या लेखात क्युरिके राजाची मुलगी मरियम म्हणते की मोठ्या आशेने हे प्रार्थनागृह मी आमच्या थडग्यांवर बांधले, माझ्या आत्याच्या, माझ्या आणि तामारच्या. या दारातून जाऊन क्रूसापुढे नमणाऱ्यांनी प्रार्थनेत आमची आठवण ठेवावी, आणि चर्चच्या दाराशी निजलेल्या आमच्या राजवंशातल्या पूर्वजांचीही.

शब्दशः उतरवले नाही, आशय तेवढा सांगितला. राज्य गेलेले, किल्ले चार उरलेले, आणि त्या घरातल्या तीन बायका आपल्या थडग्यांवर छप्पर घालून ठेवतात. राज्य परत मिळावे असे त्यांनी कोरले नाही, शत्रूचा नाश व्हावा असेही नाही. दारातून आत जाणाऱ्या अनोळखी माणसाकडे त्यांनी एक क्षण मागितला.

असे लेख त्या देशात शेकड्यांनी आहेत, आणि त्यांत दोन जाती आहेत. त्या वेगळ्या ओळखल्या पाहिजेत, नाहीतर पुढचा विचार गोंधळात पडेल.

पहिली जात कराराची. कोणी मठाला गाव दिले, द्राक्षमळा दिला, गिरणी दिली, हाताने लिहिलेले शुभवर्तमान दिले. त्याबद्दल मठाधिपती आणि मठवासी कबूल करतात की वर्षातून अमुक सणाला अमुक दिवस याच्या नावे मिस्सा होईल. लेखाच्या शेवटी शाप असतो. हा करार जो मोडील त्याला यहुदाची गती मिळो, ३२५ साली निकाया येथे जमलेल्या ३१८ धर्मपित्यांचा त्याला शाप लागो. आपल्याकडच्या जुन्या दानलेखांतला ‘आचंद्रसूर्य’ हा शब्द आणि खालची गधेगाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रीत अनोळखी वाटणार नाही. दान देणाऱ्याला सगळीकडे एकच भीती असते, की माझ्यामागे हे कोण पाळणार?

दुसरी जात विनंतीची. तिच्यात देणेघेणे नाही. वाचणाऱ्याला काही दिलेले नाही, त्याच्याकडून वचन घेतलेले नाही, शापही नाही. नुसते मागणे आहे. मरियमचा लेख या दुसऱ्या जातीतला.

कराराचे काय होते ते कोबायरमध्येच दिसते. ४५१ साली चाल्सेडन या गावी ख्रिस्ती धर्माचार्यांची परिषद भरली. ख्रिस्त देव आणि माणूस दोन्ही, तर ही दोन तत्त्वे त्याच्यात कशी असतात, हा तिथला वाद. परिषदेने दोन तत्त्वे एका व्यक्तीत असा निर्णय दिला. त्याच वर्षी आर्मेनियन लोक आवारायरच्या रणांगणावर इराणी फौजेशी आपल्या धर्मासाठी लढत होते. पुढे सहाव्या शतकात त्यांच्या चर्चने चाल्सेडनचा निर्णय नाकारला. शेजारच्या जॉर्जियाने अखेर तो मान्य केला, आणि सातव्या शतकाच्या आरंभी दोन्ही चर्चची फारकत झाली. बाराव्या शतकाच्या शेवटी जॉर्जियाची राणी तामार हिच्या पदरी झकारे आणि इवाने हे दोन भाऊ मोठे सरदार होते. सेल्जुकांकडून आर्मेनियाचा उत्तर भाग त्यांनी सोडवला. भाऊ एकाच आईचे, पण झकारे आपल्या आर्मेनियन चर्चमध्ये राहिला आणि इवानेने जॉर्जियन मत घेतले. झकारेचा मुलगा शाहन्शाह लहान असतानाच बाप वारला. तो इवानेच्या घरी वाढला आणि चुलत्याच्याच मताचा झाला. कोबायर या घराण्याकडे आले आणि तो मठही त्या मताचा झाला. गाभाऱ्यातली जॉर्जियन अक्षरे त्या काळाची.

त्या शतकात किराकोस नावाचा इतिहासकार होऊन गेला. तो गांद्झाकचा राहणारा, आर्मेनियन चर्चचा अभ्यासू धर्मगुरू. त्याने लिहून ठेवले आहे की शाहन्शाहचा मुलगा झकारे याच्यावर मंगोल राजा हुलागूची गैरमर्जी झाली आणि त्याला ठार करण्यात आले. ही बातमी ऐकून शाहन्शाह दुःखाने मेला. त्याला कोबायरला पुरले. आणि किराकोस पुढे एका वाक्यात सांगतो की हा मठ शाहन्शाहच्या बायकोने आर्मेनियन लोकांकडून घेतला होता. त्याने टाहो फोडलेला नाही, शिव्याही दिलेल्या नाहीत. बापाचे दुःख सांगितले आणि मठ घेतल्याचेही सांगितले. एक सांगताना दुसरे लपवले नाही.

तेव्हा करार कोणाशी होता? ज्या मठवाशांनी मिस्सा करण्याचे वचन दिले त्यांच्या जागी दुसऱ्या मताचे मठवासी आले. पुढे तेही गेले. मठ ओसाड पडला, भिंत दरीत गेली. करार पाळणारा पक्षच उरला नाही. न्यायाच्या भाषेत बोलायचे तर असा करार संपतो. तो मोडला असे म्हणण्यालाही कोणी शिल्लक नाही. निकायाच्या ३१८ पित्यांचा शाप पडायचा तर कोणावर पडायचा? काळावर शाप चालत नाही.

विनंती मात्र संपत नाही, कारण तिला दुसरा पक्ष आधीपासून नसतोच. जो वाचतो तो त्या क्षणी तिचा दुसरा पक्ष होतो. म्हणून आपला प्रश्न कराराविषयी नाही, विनंतीविषयी आहे. आता शंका एकेक करून घेऊ.

पहिली शंका अशी, की मेलेल्याला काय कळते? आठवण ठेवली काय, न ठेवली काय, त्याला फरक काय? याला उत्तर असे, की ‘त्याला कळणार नाही’ हे कारण आपण जिवंत माणसांच्या व्यवहारातही पुरेसे धरीत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने शेवटचे काही सांगितले आणि तो गेला, तर ते करणे आपण टाळत नाही. उलट ज्याला पडताळा घेता येत नाही त्याच्याशीच आपली सचोटी तपासली जाते. पण हे उत्तर अर्धेच आहे. शेवटचे सांगणाऱ्याला आपण हो म्हटलेले असते. मरियमला मी हो म्हटलेले नाही. तिने मला विचारले एवढेच. तेव्हा वचनाचे ऋण माझ्यावर नाही, हे मान्य करावे लागते. मग उरते काय? उरते ते ऐकल्याचे ऋण. वाटेने जाताना कोणी हाक मारली, तर थांबायचे की नाही हे आपल्या हाती असते. पण हाक ऐकूनही ऐकलीच नाही असे दाखवणे हा खोटेपणा आहे. मागणाऱ्याचे मागणे पुरे करता आले नाही तरी ते मागणे आहे एवढे ओळखणे आपल्याकडे लागू राहते. कोरीव अक्षरे काय सुरेख आहेत असे म्हणून, फोटो काढून, पुढे जाणे म्हणजे हाक मारणाऱ्याच्या आवाजाची तारीफ करून निघून जाणे.

दुसरी शंका जास्त टोकदार आहे, आणि या पत्रिकेचे वाचक ती काढल्यावाचून राहणार नाहीत. नाव मागे राहावे ही इच्छाच मुळात अहंकार नव्हे काय? देह गेला, तरी नाव धरून ठेवायचे, तेही दगडावर. याला मी असे म्हणेन की नाव कोरण्याच्या दोन तऱ्हा आहेत. कोणत्याही किल्ल्यावर, लेण्यावर जा, हौशी लोकांनी खिळ्याने ओरबाडलेली नावे दिसतील. त्यांचा अर्थ एवढाच, की मी इथे आलो होतो. ते नाव कोणाकडून काही मागत नाही, फक्त जागा व्यापते. मरियमचे नाव मागते. मागणारा आपले उणेपण कबूल करून मागतो. माझा भार मला एकटीला पेलत नाही, तुम्ही थोडा उचला, असे त्यात आहे. आणि मागताना ती ‘मला’ म्हणत नाही, ‘आम्हाला’ म्हणते. आत्या, तामार, दाराशी निजलेले पूर्वज, सगळ्यांना बरोबर घेऊन ती मागते.

दाराशी निजलेले, हे शब्द वाचताना इथे थांबावेसे वाटते. आर्मेनियन मठांत थडगी बहुधा फरशीतच बसवलेली असतात, मंडपाच्या जमिनीत, चर्चच्या उंबऱ्याशी. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय त्यांच्यावर पडावाच अशी. राजे, सरदार, मठाधिपती, सगळे पायांखाली. शतकानुशतके पाय पडून नावे झिजून गेली आहेत, आणि ती झिजणार हे पुरणाऱ्यांना माहीत होते. महाद्वारातली नामदेव पायरी ज्याने कपाळ टेकून ओलांडली आहे, त्याला ही इच्छा परकी वाटायची नाही. नाव टिकावे म्हणून ज्याने कोरले, त्यानेच ते पायांनी पुसले जाईल अशा जागी ठेवले. हा अहंकार असेल तर फार विलक्षण अहंकार म्हटला पाहिजे. मला वाटते, आठवणीत राहण्यापेक्षा येणाऱ्यांच्या वाटेत राहणे त्यांना हवे होते.

तिसरी शंका सर्वांत अवघड. ती टाळून गोड बोलता येते, पण ते खरे होणार नाही. मरियमची विनंती सगळ्यांना नाही. दारातून आत येऊन क्रूसापुढे नमणाऱ्यांना ती आहे. मी तिथे आदराने उभा राहिलो तरी माझी उपासना ती नव्हे. मग मी तिच्यासाठी प्रार्थना करतो म्हणणे कितपत प्रामाणिक? सगळे देव एकच, सगळ्या वाटा एकच, असे म्हणून ही अडचण झटक्यात मिटवता येते. पण ज्या जागी एका तत्त्वाच्या की दोन तत्त्वांच्या वादावरून दोन भावांची उपासनाघरे वेगळी झाली, तिथे उभे राहून हे वाक्य फार स्वस्त वाटते. त्या लोकांनी त्या फरकासाठी बरेच काही सोसले होते. त्यांचा फरक आपण त्यांच्या वतीने पुसणे हाही एक प्रकारचा अनादरच.

कोबायरला मी गेलो त्या दिवशी वर आणखी एकच व्यक्ती होती, खालच्या वस्तीतली एक म्हातारी. तिने पिशवीतून बारीक मेणबत्त्या काढल्या, गाभाऱ्यातल्या दगडाच्या कपारीत पेटवून उभ्या केल्या, छातीवर क्रूसाची खूण केली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. तिच्या डोक्यावर जॉर्जियन अक्षरांची चित्रे होती, ती स्वतः आर्मेनियन चर्चची. बरोबरच्या चालकाला मी विचारायला लावले, की आजी, या कोणासाठी? ती म्हणाली, दोन घरच्यांसाठी आणि एक इथल्यांसाठी. इथले म्हणजे कोण, हे तिने सांगितले नाही, आणि पुढे विचारावे असे मला वाटले नाही.

मरियमने ज्यांना उद्देशून लिहिले ती ही. विनंतीला उत्तर देण्याचा अधिकार तिचा आहे, आणि ती ते देत होती. छप्पर नसलेल्या चर्चमध्ये, कोणत्याही कराराशिवाय, वर्षातल्या नेमलेल्या सणाची वाट न पाहता. मठवासी गेले, दानाचे मळे गेले, शापही निवला. उरली ती एका बाईची मेणबत्ती. करार मेला तिथे विनंती जिवंत राहिली, ती अशी.

मग माझ्यासारख्या वाचकाचे काय? इथे सुरुवातीच्या पत्राकडे परत यावे लागते. दुसऱ्याच्या नावचे पत्र चुकून आपल्या हाती आले, तर आपण काय करतो? आपण त्याला उत्तर लिहीत नाही. तो आपला अधिकार नव्हे. पण पत्र आपले नाही म्हणून ते फेकून देण्याचा अधिकारही आपल्याला मिळत नाही. ज्याचे आहे त्याच्याकडे ते पोचेल अशी तजवीज करतो. ते होण्यासारखे नसेल, तर निदान नीट जपून ठेवतो. परक्याच्या पवित्र जागी गेलेल्या माणसाचे कर्तव्य मला असे टपाल्याचे वाटते. उत्तर देणारा मी नाही, पण वाहून नेणारा होऊ शकतो.

वाहून नेण्यात तीन गोष्टी येतात. पहिली, जागा जशी आहे तशी पुढच्यासाठी ठेवणे. चित्राला हात न लावणे, दगड खिशात न घालणे, आणि आपले नाव त्यावर न ओरबाडणे. मागणाऱ्याच्या पत्रावर आपली सही ठोकण्यासारखे ते होईल. दुसरी, मजकूर बदलू नये. मरियम आर्मेनियन होती, ख्रिस्ती होती, क्रूसापुढे नमणाऱ्यांना तिने हाक मारली. ती आपल्या सोयीची, सर्वधर्मी, गोड अशी करून सांगू नये. तिसरी गोष्ट किराकोसने शिकवली आहे. मजकूर गाळू नये. कोबायरमध्ये ज्यांच्याकडून मठ घेतला तेही आहेत आणि घेणारेही आहेत. घेणाऱ्या घराण्यातला बाप मुलाच्या दुःखाने मेलेला आहे. तिथल्या घंटाघराच्या आत त्याच घराण्यातल्या नवराबायकोची थडगी आहेत, ते बांधकाम १२७९ सालचे. त्यांचीही आठवण कोणी ठेवावी की नाही? मला वाटते ठेवावी. आठवण म्हणजे संमती नव्हे. मठ घेतला होता हे सांगूनच त्या बापाचे दुःख सांगावे. दुःख खरे होते म्हणून घेणे न्याय्य ठरत नाही, आणि घेणे अन्याय होता म्हणून दुःख खोटे ठरत नाही. ही दोन वाक्ये एकत्र धरून ठेवणे अवघड आहे. तेराव्या शतकातल्या एका धर्मगुरूला, ज्याच्याच पंथाचा मठ गेला होता, ते साधले. आपल्याला साधू नये असे काही नाही.

यासाठी आर्मेनियापर्यंत जायलाच हवे असे नाही. आर्मेनियन व्यापारी आपल्या देशात फार पूर्वीपासून आले. आग्र्याच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत सतराव्या शतकापासूनची त्यांची थडगी आहेत, त्यांवर तीच लिपी कोरलेली आहे. मुंबईत फोर्ट भागात त्यांचे चर्च आहे, त्याची स्थापना अठराव्या शतकाच्या अखेरची. त्या फुटपाथवरून रोज हजारो माणसे कचेरीला जातात. घरापासून दूर मेलेल्या माणसाच्या दगडावरही बहुधा हेच मागणे असते. ते वाचता येणारी माणसे आता तिथे फार थोडी आहेत. पत्र आपल्या नावचे नाही, पण दाराशी येऊन पडले आहे.

करार पाळणारे एक दिवस संपतात, शाप झिजतात, भिंती दरीत जातात. विनंती मात्र वाचणारा जोवर येतो तोवर चालू राहते, आणि तिचे भवितव्य दर वेळी त्या एका वाचणाऱ्याच्या हाती असते. क्युरिके राजाची मुलगी मरियम, तिची आत्या, आणि तामार. ही नावे लोरीच्या डोंगरातून इथवर आणली, ती एवढ्यासाठी. आता ती आपल्यापाशी आहेत.